आधी कडुनिंबाचा पाला, मग गूळ : टाळलेल्या कामांतून सवय कशी लावायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचा महिला बचत गट यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका लहान गावात आहे. महिन्याच्या बैठकीत हप्त्याचे पैसे मोजून झाले की आम्ही अर्धा तास एकाच विषयावर बोलतो: या महिन्यात कोणी कोणतं काम टाळलं, आणि त्याचं पुढं काय झालं. आता शेजारच्या गावांतल्या बायका, कास्तकार भाऊ, कॉलेजात जाणाऱ्या मुलीसुद्धा विचारायला येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. चार एकर कोरडवाहू वावर, दोन लेकरं आणि एक म्हैस सांभाळते. जे इथं लिहिलं आहे ते करून पाहिलेलं आहे, आणि जे अभ्यासकांचं आहे ते त्यांच्या नावानं दिलं आहे.

ताई, टाळलेलं काम आणि राहून गेलेलं काम यात फरक काय?

राहून गेलेलं काम आठवलं की आपण म्हणतो, "अरे, विसरलीच." टाळलेलं काम आठवलं की पोटात गोळा येतो आणि आपण लगेच दुसरं काही हाती घेतो. भांडी घासायला बसतो, गोठा झाडतो, मोबाइल काढतो. मी बायकांना एवढंच सांगते: ज्या कामाची आठवण येताच दुसरं काम करावंसं वाटतं, ते तुमचं टाळलेलं काम.

आमच्या गटात पहिल्या बैठकीत जी नावं निघाली ती अशी: कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीत जाऊन बाकी किती ते विचारणं, सातबाऱ्यावर वारस नोंद, बीपी तपासणं, फवारणीचा पंप धुणं, दिराशी धुऱ्याची (बांधाची) बोलणी, माहेरच्या एका माणसाला फोन. वावरातली निंदणी कुणीच सांगितली नाही. ते कष्टाचं काम आहे, पण कुणी टाळत नाही.

म्हणजे हा आळस नव्हे?

दिवसभर उन्हात कापूस वेचून संध्याकाळी डोक्यावर गाठोडं आणणारी बाई आळशी कशी असेल? तीच बाई बँकेचं पाकीट आठ महिने न फोडता देव्हाऱ्यामागं ठेवते. कष्टाची तिला भीती नाही, त्या पाकिटाची आहे.

टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस हे मानसशास्त्राचे अभ्यासक बरीच वर्षं हेच सांगत आले आहेत की टाळाटाळीत वेळेच्या नियोजनापेक्षा मनाला आत्ता बरं वाटण्याचा प्रश्न मोठा असतो. काम टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घात करतं. ढोराला एकदा धुऱ्यावरून उडी मारून हिरवा चारा मिळाला की दुसऱ्या दिवशी ते आपोआप तिकडंच वळतं. मनाचंही तसंच होतं. प्रत्येक वेळी टाळलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि मन शिकतं की सुटायची वाट ही. म्हणजे टाळणं हीसुद्धा सवयच आहे, चांगली घट्ट लागलेली. ती जिथं लागली आहे नेमकं तिथंच नवी सवय लावायची असते. पहाटे उठण्याची आणि व्यायामाची सवय नंतर लावता येईल. आधी ज्या जागेवरून आपण पळतो त्या जागेवर रोज थोडं उभं राहायला शिकायचं.

'पाला खाल्ला का?' असं तुमच्या गटातल्या बायका एकमेकींना का विचारतात?

पाडव्याच्या सकाळी आपण कडुनिंबाचा कोवळा पाला आधी तोंडात घालतो आणि मग गूळ. उलटं कुणी करत नाही, कारण गुळानंतर पाला दुप्पट कडू लागतो. आमच्या एका सासूबाईंनी बैठकीत हे सहज म्हटलं आणि सगळ्यांच्या डोक्यात बसलं. तेव्हापासून दिवसातल्या पहिल्या कडू कामाला आम्ही 'पाला' म्हणतो. गूळ मात्र खरा पाहिजे. पाला झाल्यावर जे आवडतं ते करायचं, म्हणजे चहा, भजन, शेजारणीकडं बसणं किंवा मालिका. आधी गूळ खाल्ला तर पाला संध्याकाळपर्यंत तसाच राहतो.

सुरुवात कुठून करायची? माझ्याकडं तर दहा कामं साचली आहेत.

एकच घ्या, आणि त्याचा इतका लहान तुकडा पाडा की नाही म्हणायला लाज वाटावी. हे बोलणं सोपं आहे हे मला माहीत आहे, म्हणून माझंच सांगते.

आमचे हे गेले तेव्हा सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत होते. सातबारा, आठ-अ, पासबुक, सोसायटीच्या पावत्या, कृषी केंद्राच्या उधारीची बिलं. ती पेटी मी खाटेखाली सरकवली आणि चौदा महिने तिला हात लावला नाही. झाडताना झाडू पेटीला लागायचा तेव्हा मी तेवढा कोपरा सोडून द्यायची. माझ्या मनात कर्जाचा आकडा दोन लाखांच्या वर गेला होता. कुणी दारात आलं की वाटायचं, वसुलीवालाच आहे.

पहिल्या दिवशी मी फक्त पेटी खाटेखालून ओढून ओसरीवर आणली. बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी कडी उघडली, झाकण वर केलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी वरचा एक कागद काढला. तो वाचलाही नाही, नुसता सपाट करून पाटाखाली ठेवला. नवव्या दिवशी सोसायटीची पावती सापडली आणि बाकी शहाऐंशी हजार निघाली. ओझं होतंच, पण दोन लाखांच्या रात्री मी उगाच काढल्या होत्या.

त्याच दिवशी खाली एक वहीचं पान निघालं. त्यावर यांच्या हातचा कापसाच्या वजनाचा हिशेब होता, वेचणाऱ्या बायकांच्या नावांसकट. ते पाहिलं आणि मला कळलं की चौदा महिने मी कर्जाला भ्यायले नव्हते. मला हे अक्षर पाहायचं नव्हतं. तुमच्याही पेटीत काही वेगळंच असेल. उघडल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून तुकडा लहान पाडायचा. इतका लहान की त्या दिवशी फार काही सोसावं लागू नये.

पण वारस नोंद एकदाच करायची असते. एकदाच्या कामाची सवय कशी लागणार?

हा प्रश्न मला फार आवडतो. सवय त्या कामाची लागत नाही, सामोरं जाण्याच्या वेळेची लागते. आम्ही रोज पंधरा मिनिटं बाजूला ठेवतो. त्या पंधरा मिनिटांत कोणतं काम बसवायचं ते बदलत राहतं. आज फेरफाराचा अर्ज, महिनाभरानं पंप धुणं, दिवाळीनंतर डोळ्यांची तपासणी. वेळ आणि जागा तीच राहते.

आणि वारस नोंदीचं निघालंच आहे तर एक सांगते. जमिनीत वारसाहक्क आला की तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असं महसूल कायद्यात आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मला तर चौदा महिने उलटले होते. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण नोंद नाही तोवर पीककर्ज, अनुदान, सगळं अडतं. मृत्यूचा दाखला काढून ठेवणं हा पहिला तुकडा.

कोणती वेळ चांगली?

'सकाळी करीन' ही वेळ होत नाही. जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलं आहे की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं काम नुसत्या इच्छेपेक्षा पुष्कळ जास्त वेळा पार पडतं. म्हणून घड्याळाला बांधू नका, घडणाऱ्या गोष्टीला बांधा. माझं असं आहे: गंजात (पातेल्यात) दूध तापत ठेवलं की रोजच्या पाल्याची वही उघडायची. दूध रोज तापतंच. आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होते. दोघीतिघींनी आपला पाला प्रार्थनेनंतर उठता उठता ठरवला आहे, म्हणजे उद्याचं काम तिथंच एकमेकींना सांगायचं.

रात्रीचं मात्र टाळा. दिवसभर थकलेल्या जिवाला कर्जाचा कागद दाखवला की झोपही जाते आणि कामही होत नाही.

किती दिवसांत सवय लागते? मोबाइलवर तर एकवीस दिवस म्हणतात.

एकवीस दिवसांची गोष्ट मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आली. १९६० साली त्यांनी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपला नवा चेहरा ओळखीचा वाटायला निदान एकवीस दिवस लागतात. त्यातला 'निदान' लोकांनी गाळला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आणून बसवली.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर प्रत्यक्ष अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. रोजचं एक साधं काम आपसूक होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. आपल्या भाषेत सांगायचं तर, जूनच्या शेवटी पाऊस पाहून सरकी टोबली तर ६६ दिवसांनी पोळा आलेला असतो आणि पऱ्हाटी (कपाशी) फुलांवर असते. पंधराव्या दिवशी रोप उपटून बोंड का नाही म्हणून कुणी पाहत नाही. तेवढा धीर स्वतःलाही द्या.

एक दिवस चुकला तर सगळं वाया गेलं का?

नाही. त्याच अभ्यासात दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यावर फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चुकल्यानंतर आपण स्वतःला काय म्हणतो त्यानं.

इथं मला विनोबांची एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आपल्या भागातली आहे. ते वर्ध्याजवळ पवनारला राहायचे. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी जवळच्या सुरगावला रोज चालत जाऊन मैला साफ करण्याचं काम धरलं होतं. खांद्यावर फावडं घेऊन जायचं, गावाची घाण उचलायची आणि परत यायचं. ज्या कामाकडं गाव नाक मुरडून पाहत होतं ते त्यांनी सूर्य उगवावा तसं रोज केलं. एकदा पावसाळ्यात वाटेतल्या नदीला पूर आला. पलीकडं जाणं शक्य नव्हतं. ते काठापर्यंत गेले, पलीकडच्या एका माणसाला हाक मारली आणि निरोप दिला की देवळात जाऊन देवाला सांग, गावाचा भंगी आला होता, पण पुरामुळं पलीकडं येता आलं नाही. माणूस म्हणाला, सांगतो की विनोबा आले होते. विनोबांनी त्याला दुरुस्त केलं: तसं नाही, भंगी आला होता असं सांग.

सफाई त्या दिवशी झाली नाही, पण जाणं झालं. आमच्या गटात ज्या दिवशी काम होऊच शकत नाही त्या दिवशी बायका 'काठापर्यंत' जातात. दवाखाना बंद असेल तर बंद दारापर्यंत. ताप असेल तर वही उघडून 'ताप' एवढं लिहिण्यापर्यंत.

मी बँकेच्या दारातून परत आले. आता पुन्हा कशी जाऊ? लाज वाटते.

बाबा आमटे वरोऱ्याचे नगर उपाध्यक्ष असताना मैला वाहण्याचं काम स्वतः करत होते. पावसात एका नालीच्या कडेला कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम नावाचा माणूस त्यांना दिसला आणि ते घाबरून निघून गेले. पुढं ते परत गेले, त्याची सेवा केली, आणि त्याच धाग्यातून आनंदवन उभं राहिलं. आधी पळाले ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, म्हणून तर ती आपल्याला माहीत आहे. तुम्ही दारापर्यंत गेलात. पुढच्या वेळी आत बाकावर पाच मिनिटं बसा. टोकन घ्यायची गरज नाही.

सोसायटीचं कर्ज थकलं आहे. पैसेच नाहीत, मग जाऊन करू काय?

फक्त आकडा विचारायला जा. मुद्दल किती, व्याज किती, मुदत कोणती. तीनच गोष्टी, त्याही कागदावर लिहून घेऊन. आज भरणार का असं विचारलं तर सरळ सांगा, "आज माहिती घ्यायला आले, भाऊ." डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यांना व्याजात सवलत मिळते. न विचारता मुदत उलटली की ती सवलत हातची जाते. म्हणजे जे भीतीनं टाळलं त्यानंच ओझं वाढवलं. सोबत कुणाला न्या. आम्ही जोडीनं जातो, एकीचा पाला आणि दुसरीचा सोबतीचा पाला.

शेतातल्या कामांचं सांगा. तिथं आपण काय टाळतो?

यावर मी फार बोलते, माफ करा.

कास्तकार कष्ट टाळत नाही, तो तपासणं टाळतो. बी तपासणं, माती तपासणं, बोंड फोडून पाहणं. कारण तपासलं की वाईट बातमी येऊ शकते. न तपासलेलं बी पेरणीच्या सकाळपर्यंत चांगलंच असतं.

घरच्या सोयाबीनची उगवण पाहायला एक पैसा लागत नाही. तागाचं पोतं ओलं करून पसरायचं. बियाण्याच्या पोत्यातून हातानं न निवडता, फुटकं-धडकं जसं येईल तसे शंभर दाणे काढायचे आणि दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या. वरून दुसरं ओलं पोतं टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सहासात दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त असले तर एकरी तीस किलोच्या हिशेबानं पेरा. थोडे कमी असले तर त्या मानानं बी वाढवा. फारच कमी निघाले तर ते बी पेरू नका. हे सगळं मे महिन्यात करायचं, बियाणं बदलायला वेळ असताना. आमच्या गटात एकीच्या पोत्यात शंभरातले बावन्न निघाले. ती त्या दिवशी जेवली नाही. पण जूनमध्ये दुबार पेरणीच्या रांगेत ती नव्हती.

कपाशीचं तर विचारूच नका. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की वरचं छिद्र बुजतं आणि बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. धुऱ्यावरून पाहणाऱ्याला वावर सोन्यासारखं वाटतं. म्हणून एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून रोज पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तर उपाय करायची वेळ आली. गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली तर तोडून नष्ट करायची. आणि बोंडं लागली की वावरात आडवंतिडवं फिरून वीस बोंडं तोडायची, दगडावर ठेवून फोडायची. वीसपैकी दोनांत अळी निघाली म्हणजे दहा टक्के झाले, आता थांबू नका. पहिलं बोंड फोडताना हात अडखळतो. फोडलं की पांढऱ्या ओल्या पाकळीत ती एवढीशी गुलाबी अळी वळवळताना दिसते आणि जीव खाली जातो. पण वीसावं बोंड फोडेपर्यंत तुमच्याजवळ आकडा असतो, आणि आकड्यावर माणूस काहीतरी करू शकतो.

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची नोंद आपणच मोबाइलवरून करणं, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो टाकायचा असतो. हे काम लोक शेवटच्या तारखेवर ढकलतात. निंदायला गेलात की धुऱ्यावर पाय ठेवताच पहिला तोच फोटो, मग खुरपं.

फवारणीचं किट कोण घालतो, ताई? जीव गुदमरतो.

गुदमरतो हे खरं आहे. विदर्भातल्या दमट उन्हात प्लास्टिकचा कोट घालून चालणं सोपं नाही, आणि जो म्हणतो सोपं आहे त्यानं कधी पंप पाठीवर घेतला नसेल. पण २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. डोक्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत, उघड्या अंगानं, अंगावर औषधाचे तुषार घेत माणसं चालत होती. त्या ऑक्टोबरमधला दवाखाना ज्यांनी पाहिला ते विसरणार नाहीत.

म्हणून हा पाला मी कुणालाही सोडू देत नाही. सगळं एकदम जमत नसेल तर सुरुवात हातमोजे आणि तोंडावरच्या मास्कपासून करा, आणि औषध कालवतानाच घाला, कारण त्या वेळी ते सगळ्यात तीव्र असतं. फवारणी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहायचं नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. साबणानं हात धुतल्याशिवाय पाणी, भाकर, खर्रा काही नाही. मजूर लावला असेल तर त्याचं किट आपण द्यायचं आणि घातल्याशिवाय पंप भरून द्यायचा नाही. चार दिवस तो कुरकुरेल. पाचव्या दिवशी स्वतः मागेल.

खर्रा खाल्ल्याशिवाय माझ्या नवऱ्याचा कामाला हात लागत नाही. काय करावं?

त्यांना पाहा, ते खर्रा नेमका कधी घोटतात. बहुतेक वेळा नकोशा कामाच्या तोंडाशी. पानठेल्यावर जायचं, पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटत बसायचं, तोवर वेळ निघून जाते. खर्रा हाच मग सुटकेचा रस्ता होतो. काम आधी आणि खर्रा नंतर, एवढा एकच बदल पहिल्या पंधरवड्यात करून पाहा. पूर्ण सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो. बायकोनं रोज बोलून खर्रा सुटल्याचं मी अजून पाहिलं नाही.

बीपी, शुगर तपासायला भीती वाटते. 'तपासलं की निघतेच' असं सासूबाई म्हणतात.

बोंड फोडल्यानं अळी होत नाही. ती आधीपासून असते किंवा नसते. आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरच्यांची तपासणी फुकट होते. पहिल्या दिवशी सासूबाईंना नुसतं सोबत न्या आणि पट्टा तुमच्याच दंडाला बांधून घ्या.

दिराशी धुऱ्यावरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. यात लहान तुकडा कसा पाडणार?

पहिलं बोलणं धुऱ्याचं करू नका. जावेला फोन करा, लेकरांची विचारपूस करा, ठेवून द्या. असे चार फोन होऊ द्या. मोजणीची गोष्ट त्यानंतर, आणि तीही दोन्ही घरांनी मिळून मोजणीचा अर्ज करू अशी. फोन उचलला नाही तरी तुमचा पाला झाला, कारण तुमच्या हातात फोन लावणं एवढंच होतं.

मुलगी गणिताच्या पुस्तकाला हात लावत नाही.

तिला सोडवलेलं एक उदाहरण वहीत नुसतं उतरवून काढायला सांगा. रोज एक. शेजारी बसा, पण दुरुस्त करू नका.

प्रत्येक टाळलेलं काम करायलाच हवं का?

नाही, आणि हे समजणं गरजेचं आहे. वाफसा नसताना वखर लावत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय सोयाबीन पेरत नाहीत. त्याला कुणी टाळाटाळ म्हणत नाही, ते थांबणं आहे. थांबण्याला कारण असतं आणि त्याची हद्द ठरलेली असते. 'पाहू पुढं' याला कारणही नसतं आणि तारीखही. काही कामं तर दुसऱ्याची असतात आणि सवयीनं आपल्या डोक्यावर येऊन बसतात, ती परत करावीत. बायकांनी विशेषतः.

मला कोणतंच काम करावंसं वाटत नाही. आवडीचंसुद्धा.

मग हे पान तुमच्यासाठी नाही आणि तुमचा काही दोषही नाही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आठवडे झाले कशातच मन लागत नाही, जगून काय उपयोग असं वाटतं, तर ती टाळाटाळ नाही, आजार आहे. आपल्या भागानं या आजारापायी फार माणसं गमावली आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. फोन लावणंही जड जात असेल तर शेजारच्या माणसाला किंवा आशाताईला एवढंच सांगा, "माझ्यासाठी फोन लावून दे." आणि ज्याला हे कुणी सांगेल त्यानं 'मन घट्ट कर' असं म्हणू नये. फोन लावावा आणि जवळ बसावं.

घरचे हसतात.

माझेही हसले. मी बोलणं बंद केलं आणि करत राहिले. आता सासूबाई विचारतात, आज वही उघडली का.

वही कशी लिहायची? नमुना दाखवा.

दहा रुपयांची शाळेची वही पुरे. दिवस, काय केलं, एक ओळ. कसं वाटलं ते लिहायची सक्ती नाही. माझ्या वहीतला भादव्याचा एक आठवडा उतरवून देते.

सोमवार. दूध तापत ठेवलं. पंपाचं नोझल खोलून धुतलं. दहा मिनिटं.

मंगळवार. कृषी केंद्रात उधारी विचारली. ४,३५०. वाटलं त्याहून जास्त.

बुधवार. वीस बोंडं फोडली. एकात अळी.

गुरुवार. ताप.

शुक्रवार. जाऊबाईला फोन. उचलला नाही.

शनिवार. जाऊबाईला फोन. बोलली. मोठ्याला बारावीत एकाहत्तर टक्के पडले म्हणाली. मला माहीतच नव्हतं.

रविवार. नाल्याला पूर. वावरात जाता आलं नाही. काठापर्यंत गेले, परत आले.